तांदळात लिहिलेलं नाव

गेल्या रविवारी आपण व्हिडिओवर बोलत होतो तेव्हा धाकटीने शाळेतली गोष्ट सांगितली. वर्गात प्रत्येकाने आपले आई-बाबा काय काम करतात ते सांगायचं होतं. "मी सांगितलं, बाबा कम्प्युटरचं काम करतात आणि आई डेंटिस्टची हेल्पर आहे." तुमची आई मागेच ओट्याशी पोळ्या डब्यात ठेवत होती. तिने ऐकलं. डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "आजीला विचार, आजोबांचा दात कसा आहे."

तेव्हा मीही काही बोलले नाही. म्हणून आता लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही दोघांनी स्वतःच भराभर वाचलं असतं. मला ते कठीण नव्हतं. बरकतपुऱ्याहून रोज बसने जाऊन मी वर्षानुवर्षं इंग्रजी शाळेत भूगोल शिकवला. पण थोरल्याला अजून जोडाक्षरं अडतात आणि धाकटीला मराठीत फक्त स्वतःचं नाव लिहिता येतं. म्हणजे हे तुमच्या आईलाच मोठ्याने वाचून दाखवावं लागणार. ते मला हवं आहे. मध्येच ती थांबली तर थोडं थांबा आणि मग पुढे वाचायला सांगा.

तुमची आई हेल्परचं काम करते हे खोटं नाही. पगार त्याचाच मिळतो. पण ती स्वतः डेंटिस्ट आहे. तिच्या क्लिनिकातला तो उंच डॉक्टर जे करतो, ते सगळं तिने इथे हैदराबादेत स्वतःच्या हाताने केलेलं आहे, आणि पुष्कळ वर्षं केलेलं आहे.

दिलसुखनगरच्या मुख्य रस्त्याला एका इमारतीत पहिल्या मजल्यावर क्लिनिक होतं. वरच्या दोन मजल्यांवर कोचिंग क्लास. खाली फळांचे गाडे, बसचे हॉर्न, आणि जिन्यात सतत मुलांची ये-जा. क्लिनिक एका म्हाताऱ्या डॉक्टरांचं होतं. त्यांची नजर कमी झाली होती, म्हणून अवघड कामं ते हळूहळू तुमच्या आईकडे देऊ लागले आणि पुढे सगळीच दिली. वरची क्लासची मुलं परीक्षा जवळ आली की गाल धरून खाली यायची. गौलीगुड्याचे दुकानदार यायचे, पान-तंबाखूने दात तांबडे झालेले. ते तिला "डाक्टरम्मा" म्हणायचे. त्यांतला एक दर वेळी खुर्चीत बसण्याआधी सांगायचा, "डाक्टरम्मा, दर्द नक्को. दांत लेलो, लेकिन दर्द नक्को." ती म्हणायची, "दांत रखो चाचा, तंबाखू देदो." तो म्हणायचा, "वो मेरी दुसरी बीवी है, उसको कैसा देऊं." सगळी खोली हसायची, आणि तो हसत असतानाच तिने इंजेक्शन दिलेलं असायचं.

एक गोष्ट तिने मला तेव्हा सांगितली होती, ती लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे. तोंडात हत्यारं असली की माणसाला बोलता येत नाही. चेहरा तर सगळेच आधीपासून वाकडा करून बसतात, त्याच्यावरून काही कळत नाही. पण खरंच दुखायला लागण्याच्या जरा आधी पायाची बोटं आत वळतात. आपल्याकडे चपला दाराबाहेर काढून येतात, त्यामुळे खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाची बोटं तिला दिसायची. "मी एक डोळा दातावर ठेवते आणि एक बोटांवर," असं ती म्हणायची. माझी दाढ तिनेच काढली. मला कळलंसुद्धा नाही.

मग लग्न ठरलं. तुमचे बाबा पुण्याचे, इथे आयटी कंपनीत नोकरीला होते. लग्न बरकतपुऱ्यातच एका हॉलमध्ये झालं. माणसं चांगली होती आणि अजूनही आहेत. पुढे जे सांगणार आहे त्यात कुणाचा दोष काढू नका. मी पुष्कळ शोधला, मला सापडला नाही.

आपल्यात लग्नात मुलीचं नाव बदलण्याची पद्धत आहे. सगळे करत नाहीत, पण करतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं. तुमच्या पुण्याच्या आजींना या असल्या गोष्टींचा फारसा सोस नव्हता. पण त्यांच्याकडे एक अडचण होती. तुमच्या मोठ्या काकूचं आणि तुमच्या आईचं नाव एकच. हो, काकूला सगळे ज्या नावाने हाक मारतात ना, तेच. तुमच्या आईला आम्ही घरात टोपणनावाने बोलावतो, म्हणून तुम्हाला हे कधी कळलंच नाही. पुण्याच्या आजींनी मला आधी विचारलं. म्हणाल्या, "विहीणबाई, एका घरात एका नावाच्या दोघी. पत्र आलं तर कुणाचं, फोन आला तर कुणाचा, रोजचा गोंधळ. तुमची हरकत नसेल तर बदलून घेऊ या." तुमच्या आईलाही विचारलं. नवं नाव तिला आवडलं. ताटातले तांदूळ तुमच्या बाबांच्या बोटाला चिकटले आणि पहिलं अक्षर बिघडलं, तेव्हा ती म्हणाली, "डॉक्टरांसारखं अक्षर काढू नका, नीट काढा." फोटोत ती हसताना दिसते ती त्याच वेळची.

गोंधळ टाळण्यासाठी नाव बदललं, आणि गोंधळ तिथून सुरू झाला.

लग्नाची नोंदणी पुण्याला झाली. फॉर्म तुमच्या बाबांच्या एका काकांनी भरला. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, अतिशय टापटिपीचे. खाडाखोड नाही, रिकामी जागा नाही. फॉर्मवर वधूचं लग्नापूर्वीचं नाव असा एक रकाना होता. तिथे काकांनी पहिलं नाव नवं लिहिलं, पुढे तुमच्या आजोबांचं नाव आणि आमचं आडनाव. त्यांच्या मते मुलीचं पहिलं नाव आता हेच, लग्नाने बदलतं ते फक्त आडनाव. आम्ही दोघांनी सही केली. सर्टिफिकेट हातात आलं तेव्हा सगळ्यांनी स्पेलिंग तपासलं. ते बरोबर होतं.

पण त्या नावाची मुलगी या जगात कधी नव्हतीच. डिग्री जुन्या नावाने, आमच्या आडनावाने. पासपोर्ट नव्या नावाने, नव्या आडनावाने. आणि मध्ये ही तिसरी, जिचं पहिलं नाव तांदळातलं आणि आडनाव आमचं. सर्टिफिकेटवरून आधार कार्ड बदललं, आधारवरून पासपोर्ट झाला. एकेका कागदाने मागच्या कागदावर विश्वास ठेवला. एका शब्दाची चूक, आणि इथे भारतात ती कुणालाही अडली नाही. दिलसुखनगरच्या पेशंटना तर कागदाशी काही घेणंच नव्हतं.

तुमच्या बाबांना कॅनडात नोकरी मिळाली आणि दोघं गेले. तिकडे डेंटिस्ट म्हणून काम करायचं तर आधी त्यांच्या कौन्सिलकडून आपली डिग्री खरी आहे हे तपासून घ्यावं लागतं. मग परीक्षा, आधी लेखी, मग हाताची. तुमच्या आईने गेल्या गेल्या अर्ज केला. कौन्सिलने इथल्या विद्यापीठाला विचारलं, आणि विचारलं ते पासपोर्टवरच्या नावाने. विद्यापीठाने रजिस्टर पाहिलं आणि उलट कळवलं, या नावाची विद्यार्थिनी आमच्याकडे शिकलेली नाही.

ते उत्तर तिला आलं त्या दिवशी तिने मला फोन केला. आवाज अगदी सरळ होता. "आई, मी कधी शिकलेच नाही असं म्हणतायत."

हे ऐकायला आज थोडं गमतीचं वाटतं. तेव्हा वाटलं नाही. आपल्या शहरात खोट्या डिग्र्या छापून देणारे अधूनमधून पकडले जातात, पेपरात फोटो येतात. हे कॅनडातल्या कौन्सिललाही माहीत असतं. हैदराबादची डिग्री, आणि विद्यापीठच म्हणतं आहे की अशी मुलगी नाही. कौन्सिलच्या पुढच्या पत्रात फसवणूक हा शब्द नव्हता, पण मला इंग्रजी येतं. कुठला शब्द टाळून ते पत्र लिहिलं आहे हे मला वाचता आलं.

मी विद्यापीठात जाऊ लागले. तिथे दोन तेलुगू शब्द पाठ झाले, ते तुम्हीही शिका. "सर लेरू" म्हणजे साहेब नाहीत. "रेपु रंडी" म्हणजे उद्या या. उद्या गेलं की पुन्हा तेच. शेवटी एकदा साहेब भेटले. तरुण होते, वागायला चांगले होते, मला खुर्ची दिली. मी डिग्री दाखवली, पासपोर्टची झेरॉक्स दाखवली, लग्नाचा फोटोसुद्धा नेला होता. ते म्हणाले, "मॅडम, आप ही बोलो, हमने झूठ लिखा क्या? इस नाम की लडकी हमारे पास पढीच नै."

"पर लडकी तो वही है ना."

"होगी मॅडम. मैं आपको देखके मान लेता हूं. कागज तो मेरेकू देखके नै मानता ना."

त्यांचं चुकत नव्हतं. मी शाळेत असते तर मीही हेच केलं असतं.

घरी येऊन तुमच्या आजोबांना सांगितलं. आजोबा पेपर वाचत होते. म्हणाले, "मग आता काय, कॅनडावाल्यांना तांदळाचं ताट पाठवू या?"

मी म्हटलं, "थट्टा पुरे. काहीतरी सुचवा."

"सुचवतोय की. ताट, तांदूळ, अंगठी. पार्सल करू. सोबत जावईही पाठवू, पुन्हा लिहून दाखवेल." मग पेपर खाली ठेवून ते बराच वेळ पंख्याकडे बघत बसले. पोरगी घरात अभ्यास करायची तेव्हा पंख्याचा आवाज होतो म्हणून यांनी तो दुरुस्त करून घेतला होता. तेव्हापासून तो आवाज करत नाही.

नोटरीकडून प्रतिज्ञापत्र करून पाठवलं, की ही आणि ती एकच व्यक्ती. कौन्सिलने लिहिलं, हे तुम्ही स्वतः स्वतःबद्दल सांगितलेलं आहे, सरकारी कागद पाठवा. सरकारी कागद म्हणजे लग्नाचं सर्टिफिकेट. ते पाठवलं, तर त्यांनी विचारलं, ही लग्नापूर्वीची तिसरी बाई कोण? पुण्याला सर्टिफिकेट दुरुस्त करायला गेलो, तर तिथे सांगितलं की मूळ फॉर्मवर जे आहे तेच छापलं आहे, आणि बदल हवा असेल तर नवरा-बायको दोघांनी समोर उभं राहावं. ते टापटिपीचे काका माझ्याबरोबर आले होते. काउंटरवरून परत येताना जिन्यात बसले आणि म्हणाले, "मी सगळं एकसारखं केलं हो. कुठे फरक राहू नये म्हणून." मी त्यांच्या शेजारी बसले.

तेव्हा थोरला झाला. तिचं येणं लांबलं. मग तिने तिकडे एक छोटा कोर्स केला आणि हेल्परची नोकरी धरली. "निदान दातांच्या जवळ राहीन," असं म्हणाली. थोरला चालायला लागल्यावर ती इथे आली, तुमचे बाबाही आले, आणि पुण्याला दोघांनी समोर उभं राहून सर्टिफिकेट दुरुस्त करून घेतलं. पेपरात जाहिरात दिली. हरवलेले कागद आणि मिळालेली कुत्री यांच्यामध्ये एका चौकटीत तिचं जुनं नाव आणि नवं नाव एकत्र छापून आलं. मग सरकारी गॅझेटमध्ये आलं. त्यावर कौन्सिलने पुन्हा विचारलं, नाव आधी बदललं आणि गॅझेट इतक्या वर्षांनी कसं? त्याचंही उत्तर दिलं. मसुदा मी केला. माझ्या हातून इतकं स्वच्छ इंग्रजी पुन्हा लिहून होणार नाही. त्या सगळ्यात धाकटी पोटात होती.

शेवटी त्यांनी मान्य केलं. डिग्री खरी, बाई तीच. त्या दिवशी फोनवर आम्ही तिघं हसलो, पण तिचं हसू आमच्या आधी थांबलं.

लेखी परीक्षा ती पहिल्या खेपेला पास झाली. नोकरी, दोन लहान मुलं, आणि हे. मग हाताची परीक्षा. तिथे खरा माणूस नसतो. एक प्लास्टिकचं डोकं टेबलाला बसवलेलं असतं, त्याच्या तोंडात प्लास्टिकचे दात. ठरलेल्या वेळात ठरलेली कामं, आणि मग मोजून बघतात, किती कोरलं, कडा सरळ आहे का. ती नापास झाली. पुन्हा बसली, पुन्हा नापास झाली. निकालात लिहिलं होतं की गरजेपेक्षा खोल गेली.

मी विचारलं, "हात थरथरला का?"

"नाही आई. हात ठीक होता." मग म्हणाली, "त्या डोक्याला पाय नसतात."

तुमच्या लक्षात आलं असेल ती काय म्हणत होती. मला तेव्हा लगेच आलं नाही. मी म्हटलं, अशी काय बोलतेस, आणि जेवलीस का ते विचारलं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तुमच्याकडे आलो होतो ते तुम्हाला आठवत असेल. आजोबा हिटरजवळून हलत नव्हते. त्या वेळी माझ्या एका दाताचं भरलेलं सिमेंट निघालं आणि कळा सुरू झाल्या. तुमची आई मला तिच्याच क्लिनिकात घेऊन गेली. तिच्या छातीवर नावाची पट्टी होती. ताटातलं नाव तिथल्या लोकांना म्हणता येत नाही, म्हणून त्याचीही पहिली दोनच अक्षरं घेतली होती. तो उंच डॉक्टर वागायला अगदी चांगला होता. खुर्चीत मला उताणं केलं. तो एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला, हातात थुंकी ओढायची नळी. त्याने मागायच्या आत ती त्याच्या हातात हत्यार ठेवत होती. मी तिच्याकडे खालून बघत होते, मास्कच्या वर फक्त डोळे.

ड्रिल आत गेलं आणि एका क्षणी मला कळ आली. त्याच वेळी तिचे डोळे माझ्या पायांकडे गेले. सवयीने गेले. तिकडे बर्फ, म्हणून माझ्या पायात तुमच्या बाबांनी आणलेले जाड बूट होते. तिकडे सगळ्यांच्याच पायात असतात. तिने त्या बुटांकडे पाहिलं, मग डोळे परत ट्रेकडे आणले. मी हात वर केला. डॉक्टर थांबला, सॉरी म्हणाला, आणखी एक इंजेक्शन दिलं.

गाडीत मी तिला म्हटलं, "अजून एकदा बसता येतं ना परीक्षेला?"

"येतं. शेवटचं. या वर्षाअखेरपर्यंत."

"मग?"

"बघू या."

वाटेत तिने तुमच्यासाठी दूध घेतलं.

हे सगळं मी तिला परीक्षेला बसवायला लिहीत नाही. ते तिचं ती ठरवेल, आणि नाही बसली तर तुम्ही एका शब्दाने तिला टोचू नका. मला एवढंच हवं आहे की पुन्हा शाळेत कुणी विचारलं तर तुम्हाला नीट सांगता यावं. काय सांगायचं ते आता तुम्हाला माहीत आहे. आपल्या भाषेत सांगितलं तरी चालेल. डाक्टरम्मा म्हटलं तरी चालेल.

आजोबांचा दात तसाच आहे. डावीकडचा, खालचा, हलतो. गेली दोन वर्षं ते एकाच बाजूने जेवतात आणि कुठल्याही डॉक्टरकडे जायचं नाव काढलं की म्हणतात, "माझी डॉक्टर आहे. ती येईल तेव्हा बघू." तीही दर वेळी व्हिडिओवर त्यांना आ करायला लावते, फोन खिडकीकडे धरायला सांगते, आणि म्हणते, "बाबा, राहू द्या, मी आले की काढते." त्यांचं त्याने समाधान होतं.

रविवारी तुम्ही दोघं खेळायला पळालात, त्यानंतर तिने पुन्हा फोन लावला. आजोबांनी आ केला. तिने नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहिलं. मग म्हणाली, "बाबा, हा आता काढायला हवा. बरकतपुऱ्यात कुणाकडे तरी जाऊन या."

आजोबा तोंड मिटायचं विसरले. "कुणाकडे तरी?" त्यांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली. "कुणीही चालेल."